धर्मादाय कोणाचा, नाव कोणाचे?

गडकोटांच्या नावाने हाक दिली की मराठी माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. ही श्रद्धा आता व्यापाऱ्यांच्याही ध्यानात आली आहे. आमच्याकडे खरेदी करा, त्यातील काही भाग गडसंवर्धनाला आणि ग्रामीण मुलांच्या शिक्षणाला जाईल, असे फलक आता दुकानांत झळकतात. घोटावडे फाट्यासारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान आणि दुसऱ्या बाजूला मुळशीचे डोंगर आहेत, तिथे अशा आवाहनाला प्रतिसाद न मिळाला तरच नवल!

यावर नाके मुरडणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. स्मारके सांभाळणे हे सरकारचे काम, दुकानदाराने त्यात कशाला पडावे, असा त्यांचा सवाल असतो. त्यांना इतिहासाचा विसर पडला आहे. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था झाली होती, तेव्हा इंग्रज सरकारने तिच्या देखभालीसाठी वर्षाला पाच रुपये मंजूर केले होते! १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हाक दिली आणि सामान्य माणसांनी निधी उभारला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये, मुळशीच्या शेजारच्याच मावळात, तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. तिथे तरुणांना काचविद्या शिकवली गेली. व्यापाऱ्यांचे म्हणाल, तर १८३४ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे पांजरपोळ मालावर स्वेच्छेने बसवलेल्या लागेवर चालले. पेठेतल्या पावतीवर धर्मादायाची ओळ असे, ती काही परदेशी व्यवस्थापनशास्त्राने शिकवलेली नव्हती.

तेव्हा व्यापाऱ्याने समाजकार्यात उतरू नये, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. धर्मादायाची लाग सर्वांना ठाऊक असे. कोणत्या मालावर किती, हे ठरलेले असे. आजच्या फलकावरील ‘काही भाग’ म्हणजे नेमका किती? शंभरात पाच रुपये की पाच पैसे? हा भाग दुकानदाराच्या नफ्यातून जातो, की गिऱ्हाइकाच्या बिलावर चढवला जातो? चढवला जात असेल, तर ते दान गिऱ्हाइकाचे आहे. मग धनादेश देतानाच्या छायाचित्रात दुकानदार एकटाच का मिरवतो? कंपनी कायदा, २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि त्यात वारसा-जतनाचाही समावेश आहे. लहान दुकानाला हे बंधन नाही. म्हणूनच त्याचा शब्द हीच त्याची हमी, आणि तो शब्द मोघम असून चालणार नाही.

दुसरा प्रश्न पैसा पोहोचतो कुठे, हा. उत्साहाच्या भरात पडक्या तटाला सिमेंट फासणे म्हणजे संवर्धन नव्हे. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंट ओलावा कोंडते आणि दगडाचेच नुकसान करते. संरक्षित वास्तूला तर पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीवाचून हात लावणे हा गुन्हा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून गौरवले. लोहगड त्यात आहे. मुळशीतील घनगड, कोरीगड नाहीत. मानाच्या यादीतील गडांकडे निधी वळेलच. यादीबाहेरच्या गडांना आधार आहे तो पंचक्रोशीचाच. म्हणून इथे गोळा झालेला एकेक रुपया योग्य जागी लागला पाहिजे.

मागणी साधी आहे. दुकानाने टक्का छापावा. निधी नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या खात्यातच जावा. जमा-खर्चाचा हिशेब दरवर्षी त्याच फलकावर लावावा. शिक्षणाचा वाटा गडाखालच्या शाळेला मिळावा, म्हणजे उद्या गड राखणारे हात तिथेच तयार होतील.

वाचकांनीही संकोच सोडावा. पुढच्या वेळी असा फलक दिसला की बिल देण्यापूर्वी हिशेब मागावा. प्रामाणिक दुकानदाराला या प्रश्नाचा आनंदच होईल. ज्याला राग येईल, त्याच्याकडून साखरही घेऊ नये!