वृद्धाश्रमाची बाग नंतर बघा, आधी मावशींबद्दल विचारा

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम शोधणारी मंडळी कधी कधी माझ्याकडे यादी घेऊन येतात. खोलीला जोडून बाथरूम आहे का, लिफ्ट आहे का, डॉक्टर रोज येतात का, ऑक्सिजनची सोय आहे का, बाग किती मोठी आहे. प्रश्न सगळे बरोबरच असतात. मी त्या यादीत सगळ्यात वर आणखी एक लिहून देतो : इथे आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मावशी आणि मामा किती दिवसांपासून आहेत? बहुतेकांना हा प्रश्न जरा विचित्र वाटतो. आपण भेटतो मॅनेजरला. मावशी त्या वेळी मागच्या बाजूला चादरी वाळत घालत असतात.

आधी शब्दाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. राज्याच्या १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली प्रसूतिगृहं आणि अशी रुग्णालयंच नोंदली जातात. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही अशा माणसांचं, बहुतेक वेळा शेवटपर्यंतचं, राहण्याचं ठिकाण. आपल्याकडचे बरेच वृद्धाश्रम आता हळूहळू तसेच होत चालले आहेत. हिंडते-फिरते आजी-आजोबा म्हणून माणसं येतात आणि पाच-सात वर्षांनी तिथेच अंथरुणाला खिळतात. मी लिहितोय ते अशा ठिकाणांबद्दल.

अमेरिकेत कर्मचारी बदलण्याचं प्रमाण मोजलं गेलं आहे. २०२१ मध्ये 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तिथल्या नर्सिंग होममधल्या परिचारिका आणि मदतनीस यांच्या बदलाचं वार्षिक प्रमाण सरासरी १२८ टक्के निघालं. म्हणजे १०० जागा असतील तर वर्षभरात १२८ माणसं सोडून गेली. काही जागांवर दोन-तीनदा नवीन माणूस आला. २०२२ पासून तिथल्या सरकारी संकेतस्थळावर हा आकडा प्रत्येक नर्सिंग होमच्या नावापुढे कोणालाही बघता येतो. आपल्याकडे हे आपणच विचारायचं.

आता या बदलाचा तब्येतीशी काय संबंध, ते सांगतो.

तरुण माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप येतो, खोकला येतो, दम लागतो. ऐंशीच्या पुढच्या माणसाला यातलं काहीच न होता नुसती ग्लानी येऊ शकते. लघवीच्या जंतुसंसर्गात जळजळ होत नाही, पण आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागतात किंवा बोलणंच बंद करतात. याला आम्ही डिलिरियम म्हणतो. जुनी माणसं 'वात झाला' म्हणायची. डिलिरियममध्ये आरडाओरडा करणारा पेशंट लगेच लक्षात येतो. गप्प होणारा सुटतो, आणि धोका त्यालाच जास्त असतो. आता ही आजी आज गप्प आहे हे कोणाला कळणार? काल ती किती बोलत होती हे ज्याला माहीत आहे त्यालाच. कालच कामाला लागलेल्या मुलीला वाटतं, किती शांत आजी आहेत, काही त्रास नाही! जुन्या मावशी सकाळी चहा देतानाच सिस्टरला सांगतात, "आज यांचं काहीतरी बिनसलंय, मला शिव्या नाही दिल्या." माझ्या दृष्टीने हे वाक्य रक्ताच्या रिपोर्टइतकंच मोलाचं आहे, आणि ते चोवीस तास आधी मिळतं.

मी आठवड्यातून एकदा शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात तपासायला जातो. तिथे एका वर्षी दिवाळीला गावी गेलेल्या तीन मावशी परत आल्याच नाहीत. एकीला दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले, एकीच्या मुलीचं दहावीचं वर्ष होतं, तिसरीची कंबर गेली होती. त्यानंतर पंधरा दिवसांत पक्षाघात झालेल्या एका आजींचं जेवण निम्म्यावर आलं. मुलगा घाबरला, कॅन्सर तर नाही ना म्हणाला. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. शेवटी तिथल्या सिस्टरने जुन्या मावशींना गावाकडे फोन लावला. मावशी म्हणाल्या, "त्यांच्या उजव्या अंगाला बसून भरवा. डावीकडचं त्यांना कळतच नाही. आणि मधे मधे डाव्या गालात बोट घालून बघा, घास तिथंच राहतो."

हे वैद्यकशास्त्राला धरूनच आहे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कित्येकदा शरीराच्या आणि जगाच्या डाव्या बाजूचं भानच जातं. डोळे चांगले असतात, पण ताटातला डावीकडचा वाटा त्या माणसासाठी नसतोच. आजींच्या फाइलमध्ये हे निदान इंग्रजीत दोन शब्दांत लिहिलेलं होतं. पण भरवणारी मुलगी फाइल वाचत नाही, आणि त्या दोन शब्दांचा अर्थ 'उजवीकडे बसा' असा आहे हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ती आपली रिकामी खुर्ची होती तिथे, डावीकडे, बसत होती. खुर्ची हलवली, आठवड्यात आजी पूर्वीसारख्या जेवायला लागल्या.

स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचा प्रश्न याहून अवघड. देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ मधला एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. अशा माणसाला नाव आठवत नाही, पण आवाज, हात, केसांना तेल लावायची पद्धत ओळखीची वाटते. उद्या सकाळी एक अनोळखी बाई येऊन तुमचं लुगडं सोडायला लागली तर तुम्ही काय कराल? ढकलाल, ओरबाडाल. आजी तेच करतात. मग रजिस्टरमध्ये नोंद होते 'पेशंट आक्रमक'. डॉक्टरला फोन जातो, शांत करणारी गोळी सुरू होते. गोळीने झोप येते, तोल जातो, रात्री लघवीला उठताना आजी पडतात, खुब्याचं हाड मोडतं. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या जातीच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये वेष्टनावर छापायला लावली. ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं मी म्हणत नाही, मीही देतो. पण आंघोळीच्या वेळी मारामारी होते अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असतो, "मावशी बदलल्या का?" दहातल्या चार-पाच वेळा उत्तर 'हो' असतं, आणि मग गोळीऐवजी आठ दिवस कळ काढायला सांगतो. आंघोळीऐवजी अंग पुसून घ्या. माणूस मरत नाही आठ दिवस आंघोळ न केल्याने.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग सगळी माहिती नीट लिहून ठेवा म्हणजे झालं. लिहावंच. पण लिहिण्यात काय येत नाही तेही सांगतो. वृद्धाश्रम ही एक वस्ती असते. तिथे जेवणाच्या टेबलावर कोणाशेजारी कोण बसतं हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं असतं. पेपर आधी कोणाला, कोडं कोण सोडवणार, एकादशीला साबुदाणा कोणाला चालतो आणि कोणाला शेंगदाणे दाताखाली लागतात. दोन आजींचं बोलणं बंद आहे पण एक आजारी पडली तर दुसरी तिच्या खाटेपाशी चकरा मारते. हे सगळं मावशी-मामांच्या डोक्यात असतं. ते गेले की वस्तीची वीण उसवते. याच वृद्धाश्रमात संध्याकाळच्या हरिपाठाला सगळ्यांना खुर्चीत बसवून हॉलमध्ये आणणारे एक मामा होते. ते सोडून गेल्यावर हरिपाठ बंद करा असं कोणीच म्हटलं नाही. माणसं हॉलपर्यंत पोचेनात, एवढंच. महिनाभरात पाचच्या सुमाराला जो तो आपल्या खाटेवर टीव्हीकडे तोंड करून.

हा काही केवळ करमणुकीचा मुद्दा नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली होती. ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, हे रोप तुमचं, पाणी तुम्ही घाला, कोणत्या दिवशी सिनेमा बघायचा ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त उत्साही दिसू लागली. प्रयोग छोटा होता, त्यावर फार इमारत उभारू नये. पण आपल्या वृद्धाश्रमांत आजींना साधी भाजी निवडायलाही देत नाहीत, 'तुम्ही बसा निवांत' म्हणतात, ते मला खटकतं. मेथीची जुडी निवडताना बोटांचा व्यायाम होतो आणि गप्पाही होतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जुनं ते सगळं सोनं नसतं. वीस वर्षं एकाच जागी राहिलेल्या, सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या, 'किती वेळा संडासला जाता' म्हणून पाणीच कमी देणाऱ्या मावशीही मी पाहिल्या आहेत. म्हातारपणी तहानेची जाणीव मुळात कमी होते. त्यात पाणी मागायची भीती बसली की शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग ठरलेला. अशी व्यक्ती गेली तर वस्ती मोकळा श्वास घेते. त्यामुळे किती दिवसांपासून आहात हे विचारताना जरा थांबून बघा, ती आत आल्यावर आजी-आजोबांचे चेहरे कसे होतात.

आणि नातेवाइकांना थोडं स्पष्टच सांगतो. मावशी टिकत नाहीत याचं एक कारण पगार आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या, दुसरं कारण आपण. रविवारी अर्धा तास यायचं, गादीवर हात फिरवायचा, आणि आठवडाभर शी-शू काढणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर झापायचं, हे मी डोळ्यांनी पाहतो. गुपचूप शंभर रुपये हातात ठेवून 'आमच्या आईकडे जास्त लक्ष द्या' म्हणणं हाही उपाय नाही, त्यात शेजारच्या खाटेचं नुकसान आहे. शुल्क पाचशेने वाढवतो म्हटलं की आपण हिशेब मागतो. जरूर मागा, पण त्यातला किती भाग मावशींच्या पगारात जाणार तेही त्याच वेळी विचारा.

व्यवस्थापनाला माझं मागणं दोनच गोष्टींचं. सोडून जाणाऱ्या आणि नव्या माणसाने निदान चार-पाच दिवस बरोबर काम करावं. आणि माणूस जातंय हे वृद्धांना सांगावं, निरोपाचा चहा करावा. 'त्या सुट्टीवर आहेत' असं खोटं बोलून महिनोन्महिने वाट बघायला लावू नये. खाटेवरचं माणूस वारलं तरी रात्रीत गादी उलटी करून सकाळी काही झालंच नाही असं वागतात, तसंच हे. त्यांना कळतं सगळं. विचारायची चोरी होते, एवढंच.

तुम्हाला घरी बसून करता येईल असं एक काम आहे. वहीच्या एका पानावर मराठीत, मोठ्या अक्षरात, भरवणाऱ्या माणसासाठी लिहा. औषधांची यादी नको, ती सिस्टरकडे असते. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कोणत्या कानाने ऐकू येतं, कवळी कधी काढायची, चहा बशीत की कपात, उजवीकडून भरवायचं की डावीकडून, कशाची भीती वाटते, रडू आलं तर कोणाचा विषय काढायचा. ते पान खाटेजवळच्या भिंतीवर चिकटवा आणि नवीन मावशी आल्या की पाच मिनिटं बसून वाचून दाखवा, कारण सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही.

आणि माणसं बदलली की पुढचे दोन महिने वजनावर नजर ठेवा. ५० किलोच्या आजींचं वजन महिन्यात अडीच किलोने, म्हणजे ५ टक्क्यांनी, उतरलं तर 'वयच झालं' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. वृद्धाश्रमात वजनकाटा नसेल तर पुढच्या वाढदिवसाला केकऐवजी तोच घेऊन जा.