विक्रेत्याचें मौन

मौनानें सर्व अर्थ साधतात, असें एका संस्कृत सुभाषितकारानें म्हणून ठेविलें आहे. 'अर्थ' या शब्दाचे दोन अर्थ. एक हेतु आणि दुसरा पैसा. सुभाषितकाराच्या मनांत पहिला होता हें उघड आहे. परंतु ऑनलाईन तिकिटें विकणाऱ्या आजच्या कांहीं व्यापाऱ्यांनीं दुसरा अर्थ घेऊन त्या वचनाचा जो उपयोग चालविला आहे, तो पाहून त्या बिचाऱ्यास आपणही गप्पच बसलों असतों तर बरें होतें, असें वाटल्यावांचून राहणार नाहीं. पैसे घ्यावे आणि मग बोलूं नये, एवढेंच या नव्या व्यापारनीतीचें सूत्र आहे. हें मौन आळसाचें किंवा कामाच्या गर्दीचें आहे असें समजणारे भोळे लोक पुष्कळ आहेत. आमच्या मतें तें धंद्याचा एक भाग आहे, आणि त्याच्या बळावर दुसऱ्याचा पैसा बिनबोभाट आपलासा करतां येतो. हें मत कां झालें तें सांगण्यासाठींच हा लेख.

तिकीट म्हणजे नक्की काय, हें प्रथम पाहूं. कापड, धान्य, भांडें यांना स्वतःचें अस्तित्व असतें. तीं आज न मिळतां आठ दिवसांनीं मिळालीं तरी उपयोगीं पडतात. तिकीट हें केवळ एक अभिवचन आहे. अमुक दिवशीं, अमुक वेळीं, अमुक रंगमंदिरांत, अमुक रांगेंतील अमुक खुर्चीवर बसून अमुक गायकाचें गाणें ऐकावयास मिळेल, एवढाच त्याचा आशय. तो दिवस उलटला कीं तें कागदाचा कपटा होतें; हल्लीं तर कपटाही हातीं राहत नाहीं, मोबाईलच्या पडद्यावरची एक काळी-पांढरी चौकट तेवढी उरते. यामुळें तिकिटाच्या व्यवहारांत काळाला जें महत्त्व आहे, तें दुसऱ्या फारच थोड्या व्यवहारांत असेल. कापडवाल्यानें उत्तरास विलंब लाविला तर तो विलंब. तिकीटवाल्यानें विलंब लाविला तर तो नकार. फरक इतकाच, कीं नकार देणाऱ्याला निदान 'नाहीं' हा शब्द उच्चारून त्याची जबाबदारी पत्करावी लागते. गप्प बसणाऱ्याला तेवढीही तोशीस पडत नाहीं. घड्याळच त्याच्या वतीनें नकार देतें.

उदाहरणादाखल आमच्याच घरचा एक अनुभव सांगतों. गेल्या हिवाळ्यांत एका नामांकित गायिकेच्या मैफलीचीं चार तिकिटें आम्हीं एका संकेतस्थळावरून घेतलीं. पैसे दोन मिनिटांत पोंचले. मैफलीला आठ दिवस उरले असतां तारीख बदलल्याचा एक ओळीचा निरोप आला. नवी तारीख घरांत कोणासच सोयीची नव्हती. चौघांपैकीं दोघे तर सत्तरीपलीकडचे, आणि मुद्दाम या मैफलीकरितां परगांवाहून यावयाचे. पैसे परत करावे अशी विनंति तत्काळ धाडली. तत्काळच तिची पोंचही आली: 'आपलें म्हणणें आम्हांस अत्यंत महत्त्वाचें वाटतें,' आणि खालीं एक लांबलचक क्रमांक. त्यानंतर त्या महत्त्वाच्या म्हणण्याकडे कोणी ढुंकून पाहिलें नाहीं. फोन केला तर यंत्र बोलतें; एक दाबा, चार दाबा, पुनः एक दाबा, असें करतां करतां संवाद आपोआप तुटतो. ॲपवर लिहून विचारलें तर तेथेंही यंत्रच; तें 'आपली अडचण दूर झाली काय?' असें विचारतें, आणि 'नाहीं' म्हटलें कीं आभार मानून निघून जातें. मैफलीच्या आयोजकांस गांठलें तर ते म्हणतात, पैसे विक्रेत्यापाशीं आहेत. विक्रेत्याच्या अटी म्हणतात, परताव्याचा निर्णय आयोजकांचा. असे सहा आठवडे गेले, नव्या तारखेची मैफलही होऊन गेली, आणि तिच्या दुसऱ्या दिवशीं विक्रेत्यानें आपण होऊन मौन सोडलें. कार्यक्रम कसा वाटला, आणि पांचांपैकीं किती तारे द्याल, अशी त्याची पृच्छा होती!

हें आमच्या एकट्याच्याच वांट्यास आलें असतें, तर त्याचें रडगाणें मासिकाच्या पानांवर गाण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्याला सांगावें त्याच्यापाशीं अशीच एखादी हकीकत तयार असते. कोणाचा क्रिकेटचा सामना, कोणाचें नाटक, कोणाच्या मुलीनें महिनोन्‌महिने पैसे सांठवून घेतलेलें एखाद्या वाद्यवृंदाचें तिकीट. पात्रें निराळीं, कथानक तेंच.

बरें, हा विक्रेता जन्माचा मुका आहे काय? मुळींच नाहीं. पैसे हातीं पडण्यापूर्वीं त्याच्याइतका वाचाळ प्राणी शोधून सांपडणार नाहीं. 'दोनच जागा शिल्लक', 'या घटकेस शेंकडों लोक हींच तिकिटें पाहत आहेत', 'पांच मिनिटांत पैसे भरा', असा त्याचा घोष अखंड चालतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत घड्याळाचे आंकडे उलटे धांवत असतात. या वाचाळतेची दखल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें घेतली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं त्यानें अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांस मनाई केली. खोटी घाई उत्पन्न करणें, शेवटच्या पायरीवर किंमत फुगविणें, न मागितलेली वस्तु हळूच हिशेबांत घालणें, या त्यांतल्याच. परंतु विक्रीनंतरचें मौन त्या यादींत नाहीं. जो घाई करावयास लावतो तो दोषी, आणि जो कायमचा तिष्ठत ठेवतो तो निर्दोष, असें तर आपणांस म्हणावयाचें नाहीं ना?

पूर्वीची तिकिटाची खिडकी म्हणजे सत्ययुग होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें तें राजाश्रयानें. पुढें १८५३ सालीं त्यांच्या मंडळीनें मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहांत तिकीट लावून खेळ केले. तेव्हांपासून आजवर मराठी प्रेक्षकानें तिकिटासाठीं पैसेही मोजले आहेत आणि धक्केही खाल्ले आहेत. प्लॅनवरच्या पुढच्या रांगा खिडकी उघडण्यापूर्वींच गडप होत, आणि दाराशीं काळा बाजार चाले, हें कोण नाकारील? परंतु खिडकीला एक गुण होता: तिच्या पलीकडे तोंड असे. खेळ ऐनवेळीं रद्द झाला तर व्यवस्थापकाला दारांत जमलेल्या प्रेक्षकांपुढें उभें राहावें लागे. त्याची सचोटी त्याच्या स्वभावांत असो वा नसो, समोरच्या पांचशें माणसांच्या डोळ्यांत ती असे. आजच्या व्यवस्थेनें त्या पांचशें माणसांची फांकाफांक केली आहे. प्रत्येकजण आपापल्या घरीं, आपापल्या पडद्यापुढें, आपलेंच नशीब फुटकें असें समजून बसला आहे. जमाव नाहीं म्हणून लाज नाहीं, आणि लाज नाहीं म्हणून उत्तर नाहीं. मौनाचें सारें सामर्थ्य गिऱ्हाइकाच्या या एकटेपणांत आहे.

न झालेल्या समारंभाचे पैसे कोणाचे, हा वाद तसा जुना आहे. सातवा एडवर्ड याच्या राज्यारोहणाची मिरवणूक जून १९०२ मध्यें लंडन येथें निघावयाची होती. ती पाहण्यासाठीं हेन्री नांवाच्या गृहस्थानें पॅल मॅल रस्त्यावरील क्रेल याच्या खोल्या ७५ पौंडांस ठरविल्या आणि २५ पौंड आगाऊ दिले. राजास शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, मिरवणूक लांबणीवर पडली, आणि क्रेल यानें उरलेल्या ५० पौंडांसाठीं दावा लाविला. १९०३ सालीं न्यायालयानें तो फेटाळला. मिरवणूकच नाहीं तर खोली कशासाठीं, हें न्यायाधीशांस पटलें. परंतु पुढच्याच वर्षीं, चँडलर विरुद्ध वेब्स्टर या तशाच खटल्यांत, १०० पौंड आधींच देऊन बसलेल्या इसमास ते परत तर मिळाले नाहींतच, उलट ठरलेल्या १४१ पौंड १५ शिलिंगांपैकीं बाकीची रक्कमही त्याच्या माथीं बसली. ज्याच्या हातीं पैसा पडला त्याचा तो झाला, हा विचित्र न्याय इंग्लंडांत १९४२ पर्यंत टिकला; त्या सालीं हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें तो मोडीत काढला. आपल्याकडे मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या ६५ व्या कलमानें आरंभापासूनच सांगून ठेविलें आहे, कीं करार निरर्थक ठरल्यास त्यापासून ज्यानें लाभ घेतला असेल त्यानें तो परत करावा, किंवा त्याची भरपाई द्यावी. आमचा मुका विक्रेता या कायद्याच्या छायेंत धंदा करतो, पण वागतो चँडलरच्या दुर्दैवी सालांतल्याप्रमाणें.

येथें विक्रेत्याच्या बाजूनें तीन आक्षेप निघतात. पहिला असा, कीं आम्ही केवळ मध्यस्थ. आयोजक आणि गिऱ्हाईक यांनीं आपसांत पाहून घ्यावें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जुलै २०२० मध्यें झालेले ई-कॉमर्सचे नियम हा आक्षेप चालूं देत नाहींत. माल स्वतःचा असो कीं दुसऱ्याचा, अशा प्रत्येक विक्रेत्यानें तक्रार-निवारण अधिकारी नेमावा, त्याचें नांव व पत्ता संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, ४८ तासांत तक्रारीची पोंच द्यावी, आणि एका महिन्यांत निवारण करावें, असें ते सांगतात. शिवाय हा मध्यस्थ फुकट राबणारा नव्हे. सिनेमाच्या ऑनलाईन तिकिटांवर जादा आकार घेऊं नये असे राज्य सरकारचे २०१३ व २०१४ चे आदेश होते. मुंबई उच्च न्यायालयानें ते जुलै २०२५ मध्यें रद्द केले. त्या निर्णयाशीं आमचें भांडण नाहीं. सोयीचे पैसे खुशाल घ्यावे. परंतु अडल्या वेळीं उत्तर मिळणें ही सोय नसेल, तर सोय म्हणतात ती कशाला?

दुसरा आक्षेप अटींचा. आपण 'मान्य' या शब्दावर बोट ठेविलें, आतां तक्रार कसली? ज्या अटी वाचावयास घटकाभर लागतो, त्या मान्य करण्यासाठीं पांच मिनिटांचें उलटें घड्याळ लावणाऱ्यानें हा आक्षेप घ्यावा, हें धाडस मोठेंच! कायदाही इतका भोळा नाहीं. ग्राहकावर गैरवाजवी बोजा टाकणारे एकतर्फी करार रद्दबातल ठरविण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्यानें राज्य आणि राष्ट्रीय आयोगांस दिला आहे.

तिसरा आक्षेप असा, कीं तक्रारी लाखों आणि माणसें थोडीं. हें ऐकून हसावें कीं रडावें तें कळत नाहीं. एका मिनिटांत हजारों लोकांकडून पैसे घेण्याची जी यंत्रें उभारूं शकतो, त्याला ते परत करण्याचें यंत्र उभारतां येत नाहीं, हें कोणास खरें वाटेल? घेण्याचा मार्ग राजरस्ता आणि देण्याचा मार्ग भुयार, ही रचना अपघातानें होत नाहीं.

तथापि नियमांतही एक मोठी उणीव आहे. एक महिन्याची मुदत पंख्याला किंवा पादत्राणांना ठीक. आठ दिवसांवर आलेल्या मैफलीला ती निरर्थक आहे. मैफल संपल्यावर तीन आठवड्यांनीं मिळालेला न्याय नियमाला धरून असेल, पण तोंपर्यंत दुसरें तिकीट घेण्याची संधीही गेलेली असते. म्हणून आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. तारीख असलेल्या तिकिटाविषयींच्या तक्रारीची मुदत त्या तारखेवरून मोजावी. कार्यक्रम होईपर्यंत गिऱ्हाइकाचा पैसा निराळ्या खात्यांत ठेवावा. ठरलेल्या दिवशीं पडदा वर जाईपर्यंत तो कोणाच्याही मालकीचा होऊं नये. आणि ठरल्या मुदतींत उत्तर न आल्यास परताव्यास विक्रेत्याची संमति आहे असें धरून पैसे परत करविण्यांत यावे. मौन म्हणजे संमति, ही तर आपली जुनीच समजूत. ती विक्रेत्यास लागू करण्यांत अन्याय कसला?

शेवटीं आमच्या स्वतःच्या वर्गाविषयीं दोन शब्द. पांढरपेशा माणसाला पैसा गेल्याच्या दुःखापेक्षां त्यासाठीं भांडतांना दिसण्याची लाज अधिक वाटते. 'जाऊं द्या, एवढ्यातेवढ्यासाठीं कोण मागें लागणार!' असें तो म्हणतो, आणि या उद्गाराला औदार्य समजतो. विक्रेत्याच्या हिशेबांत या औदार्याची रक्कम जमेच्या बाजूस आधींच मांडलेली असते. वास्तविक मार्ग आतां पूर्वींइतके बिकट राहिलेले नाहींत. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीस कळवितां येतें. कार्डानें पैसे दिले असल्यास मुदतींत बँकेकडे हरकत नोंदवितां येते. दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आणि तेंही आपण राहतों त्याच जिल्ह्यांत, तक्रार दाखल करतां येते. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी पडत नाहीं, आणि वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं. तिकिटाची प्रत, पैसे दिल्याची पावती आणि आपण धाडलेलीं पत्रें जपून ठेवावीं, एवढेंच पथ्य. आठशें रुपयांसाठीं हा खटाटोप कशाला, असें वाटेल. परंतु आठशें रुपये हा आपला हिशेब झाला; विक्रेता त्याच आठशेंस गप्प बसलेल्या हजारों गिऱ्हाइकांनीं गुणतो. जो एकजण मागें लागतो, तो त्या सर्वांचें काम करतो. विक्रेत्याचें मौन ही परताव्याची संमति ज्या दिवशीं ठरेल त्या दिवशीं ठरो; आपलें मौन ही लुबाडणुकीची संमति मात्र आजच ठरत आहे.