परकर कोणी देत नाही



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या सभेत माझं आणि बाकी सगळ्यांचं थोडं वाजलं. विषय चांगला होता. दशलक्षण पर्वाच्या निमित्ताने क्रोशाच्या पाचशे टोप्या विणायच्या आणि जवळपासच्या अंगणवाड्यांतल्या मुलांना वाटायच्या. रंग ठरले, गोळे कुठून घाऊक आणायचे ते ठरलं, वाटपाच्या दिवशी सगळ्यांनी कोणत्या रंगाच्या साड्या नेसायच्या हेही ठरलं. मी एवढंच विचारलं, "अंगणवाडीच्या ताईंना विचारलंय का कोणी, टोप्या हव्यात का म्हणून?"

सभेत शांतता. मग एक जण म्हणाली, "काकू, दान देताना असं विचारत बसतात का? गरिबाला काय, जे मिळेल ते चांगलंच."

जे मिळेल ते चांगलंच! या चार शब्दांशी माझं भांडण आहे. त्या मुलीशी नाही, ती गुणी आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा सुबक आहे. पण हे वाक्य मी स्वतः पस्तिसाव्या वर्षी म्हटलेलं आहे, आणि साठी ओलांडल्यावर तेच वाक्य माझ्या अंगावर आलेलं आहे. म्हणून लिहिते.

ऑगस्ट २०१९. सांगलीचा महापूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. आमचं घर गावभागात. आम्ही दोघं आणि सासूबाई, अंगावरच्या कपड्यांनिशी आणि औषधांच्या पिशवीनिशी बाहेर पडलो आणि एका शाळेतल्या छावणीत आठ दिवस काढले. जेवणाखाणाची आबाळ झाली नाही. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मदत आली, माणसं रात्ररात्र राबली. आम्हा जैन मंडळींना कांदा-लसूण नसलेलं, सूर्यास्ताआधीचं जेवण मिळावं म्हणून अनोळखी मुलांनी धडपड केली. ते ऋण फिटायचं नाही.

पण चौथ्या दिवशी कपड्यांचा टेम्पो आला. गाठोडी सोडली आणि आम्ही बायका बघतच राहिलो. एका पायाची चप्पल. लग्नातला जरीचा, काखेत फाटलेला घागरा. चेन तुटलेल्या पॅन्टी. डाग पडलेल्या चादरी. साड्या होत्या, पुष्कळ होत्या, त्यातल्या काही चांगल्याही होत्या. पण परकर एकही नव्हता. बायांनो, परकराशिवाय साडी खोचायची कशात? चार दिवस ओल्या परकरात बसलेल्या बाईला साडी नको असते, परकर हवा असतो. माझ्या सासूबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या. एका गाठोड्याची सुतळी सोडवून मी त्यांच्या कमरेला बांधली आणि त्यात साडी खोचली. त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून जप करत बसल्या.

त्या रात्री मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप. आमचं पर्व नुकतंच संपलेलं, अनंत चतुर्दशीचे उपवास सोडायचे होते आणि रेडिओवर बातमी आली. गल्लीत कपडे गोळा करायला मुलं आली. मी कपाट उघडलं आणि काय दिलं? उसवलेली नायलॉनची साडी, ह्यांच्या कॉलेजच्या काळातल्या बेलबॉटम पॅन्टी, मुलीचे बटणं गेलेले फ्रॉक. शेजारीण म्हणाली, "अगं, निदान बटणं तरी लावून दे." मी म्हणाले, "त्यांना काय, जे मिळेल ते चांगलंच." कपाट रिकामं झालं, मनाला बरं वाटलं, आणि दिवाळीला त्या जागी नव्या साड्या आल्या.

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण घरची कीर्द-खतावणी चाळीस वर्षं लिहिते आहे. त्या भाषेत सांगते. ज्या साडीचा घसारा पूर्ण झालेला आहे, तिची वहीतली किंमत शून्य. ती बोहारणीला दिली असती तर एखादी वाटी मिळाली असती, एवढंच तिचं भंगार मूल्य. ती देऊन पुण्याच्या रकान्यात मात्र आपण साडीची पूर्ण किंमत मांडतो. हा ताळेबंद खोटा आहे. ऑडिटर तो पास करणार नाही, आणि कर्माचा हिशोब तर ऑडिटरपेक्षा कडक.

हा काही एकट्या सांगलीचा अनुभव नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दान आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' संस्थेने, जिची सुरुवात १९९९ मध्ये घरातल्या ६७ कपड्यांपासून झाली, तसले कपडे निवडून, धुऊन, त्यातून बायकांसाठी सुती पॅड बनवले. म्हणजे गरज होती पॅडची आणि आपण पाठवत होतो जरीचे घागरे.

आता कोणी म्हणेल, काकू, हे जुन्या कपड्यांचं झालं. आम्ही तर नव्या दोऱ्याच्या, स्वतःच्या हाताने विणलेल्या टोप्या देतोय. त्यात काय चुकलं?

चूक हातात नाही, सुरुवात कुठून केली त्यात आहे. जुने कपडे देताना आपण आपल्या कपाटापासून सुरुवात करतो, आणि टोप्या विणताना आपल्या हौसेपासून. दोन्ही वेळा घेणारा माणूस शेवटी येतो. मला क्रोशाची फुलं येतात म्हणून मुलाच्या डोक्यावर फूल. भाद्रपदातल्या दमट उकाड्यात ॲक्रिलिकची टोपी घातलं तर ते पोर टाळू खाजवत बसेल. लोकरीसारखा दिसणारा हा दोरा प्लास्टिकचाच भाऊ आहे. घाम शोषत नाही आणि विस्तवाजवळ गेला तर वितळून कातडीला चिकटतो. चुलीशेजारी बसणाऱ्या पोराला तो घालावा का, याचा विचार विणणारीने करायला नको का?

सभेनंतर मी दुसऱ्या दिवशी आमच्या जवळच्या अंगणवाडीत गेले. ताईंना विचारलं, काय हवं? त्या आधी लाजल्या. मग म्हणाल्या, "मावशी, खरं सांगू का, चड्ड्या हव्यात. तीन-चार वर्षांची पोरं, खेळता खेळता भिजवतात. बदलायला दुसरी नसते. मग आई येईपर्यंत पोर ओल्यातच बसतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी येतच नाही."

चड्डी! अर्धा मीटर सुती कापडात या वयाच्या दोन सहज बसतात. इलॅस्टिक कमरेला काचणार नाही असं रुंद घ्यायचं, आणि नेफ्याला एक जागा उघडी ठेवायची, म्हणजे ढिलं झालं की बदलता येतं. पंधरा दिवसांत आम्ही दहा जणी दोनशे शिवू शकतो. पण मंडळात हे सांगितलं तेव्हा एकीने हळूच विचारलं, "वाटपाला काय चड्ड्या हातात धरून उभं राहायचं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण खरं दुखणं तेच आहे. परकराचा फोटो निघत नाही. चड्डीचा फोटो निघत नाही. म्हणून ते कोणी देत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या ह्यांचा. ते म्हणतात, "शिवत कशाला बसतेस? घाऊक बाजारात पैसे टाक, तयार माल घे, देऊन टाक. तुझ्या तासाची किंमत धरलीस तर तोटाच आहे." या आक्षेपाला मी मान देते, कारण तो बरोबर आहे. बाजारात चांगली वस्तू चांगल्या भावात मिळत असेल तर विकतच घ्यावी. चादर, टॉवेल, बादली मी कधी बनवत बसत नाही. पुरानंतर लोकांना रोख पैशाइतका दुसऱ्या कशाचा उपयोग नव्हता, हेही मी अनुभवलं आहे. हाताने करायचं ते तेवढंच, जे बाजारात त्या माणसाच्या मापाचं मिळत नाही. माझे परकर तसे आहेत. बाजारातला घेराला अरुंद असतो आणि नाडी दुसऱ्या धुण्याला तुटते. मी सहा कळ्यांचा, पसरट घेराचा शिवते, उंचीला दोन इंच जादा दुमड ठेवते आणि आतून एक खिसा लावते. छावणीत बाईला पैसे, किल्ली आणि गोळ्यांची पट्टी ठेवायला जागा नसते, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

माझ्या मावसबहिणीवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. बाजारात मिळतं ते सिलिकॉनचं स्तन महाग, जड आणि आपल्या उन्हाळ्यात नकोसं होणारं. तिला तिच्या मुलीने क्रोशाने विणलेलं, मऊ सुती दोऱ्याचं, आत हलका कापूस भरलेलं दिलं. अमेरिकेतल्या बार्बरा डेमोरेस्ट यांना २०११ मध्ये स्वतःच्या आजारपणात अशा विणलेल्या स्तनाबद्दल कळलं आणि त्यांनी ते इतर बायकांना मोफत देण्याचं काम उभं केलं. आता भारतातही बायका ते विणून देतात. त्या कामाला कडक नियम आहेत. टाक्याची गाठ अंगाला टोचायला नको. दोरा मऊच हवा, कारण व्रणावर तो बसणार आहे. तिथे कोणी म्हणत नाही, जे मिळेल ते चांगलंच. बहीण मला म्हणाली, "अक्का, ते घालून मी पहिल्यांदा बस्तीत गेले आणि पदर सारखा करत बसले नाही." क्रोशाचं मोल मला तेव्हा कळलं.

प्रवासातही माझी पिशवी बरोबर असते. मशीन नेता येत नाही, क्रोशाची सुई नेता येते. दोन वर्षांपूर्वी पौषात सम्मेद शिखरजीला गेलो तेव्हा पारसनाथ स्टेशन येईपर्यंत माझ्या सहा टोप्या झाल्या होत्या. डोलीवाल्यांना द्यायच्या, असा माझा बेत. वंदना सत्तावीस किलोमीटरची, माझे गुडघे गेलेले, म्हणून डोली करावी लागली. माझं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर, या विचाराने सगळी वाट मन खात होतं. खाली मधुबनला उतरल्यावर मी टोप्या काढल्या. त्यातला वयस्कर होता तो हात जोडून म्हणाला, "माताजी, टोपी तो सब देते हैं. कंधे का कुछ बना दो." आणि त्याने सदरा सरकवून खांदा दाखवला. दांडा घासून घासून तिथलं कातडं काळं, जाड, घट्टा पडलेलं.

इथे मंडळाला शिकवणारी मी, आणि सहा टोप्या मी न विचारताच विणल्या होत्या! धर्मशाळेच्या खोलीत बसून मी माझी जुनी सुती साडी घडी घडी करून गोधडीच्या धावदोऱ्याने शिवली, वरून बंद लावले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर बांधून पाहिली. पहिली घसरली. दुसरी बसली. घरी आल्यावर त्या मापाच्या वीस केल्या आणि शिखरजीला निघालेल्या ओळखीच्या कुटुंबाबरोबर पाठवल्या.

दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायाच्या शेवटी उमास्वामी आचार्य दानाबद्दल सांगतात, की त्याचं फळ देण्याची रीत, दिलेली वस्तू, देणारा आणि घेणारा या चारही गोष्टींवर ठरतं. आणि दान म्हणजे जे आपलं आहे ते सोडणं. जी वस्तू मनातून आपण आधीच टाकून दिली आहे, ती सोडण्यात सोडलं काय? तो अपरिग्रह नव्हे. आपला परिग्रह दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकणं आहे. आणि हौसेने विणलेली नको असलेली टोपी, तिथे तर आपण आपली हौससुद्धा सोडलेली नसते.

तर मैत्रिणींनो, सुई खाली ठेवा असं मी म्हणत नाही. उलट जास्त शिवा. फक्त सुईत दोरा ओवण्याआधी एकदा त्या माणसाकडे जाऊन या. अंगणवाडीत जा, सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टरना विचारा, वृद्धाश्रमातल्या आजींचं माप घ्या. त्या जे मागतील ते बहुधा साधं, न दिसणारं आणि कंटाळवाणं असेल. तेच करा. देण्याआधी स्वतःच्या अंगाला लावून बघा, एकदा धुऊन बघा. आणि स्वतःच्या लेकीला द्यायला लाज वाटेल ते कुणालाच देऊ नका.

पुरात माझ्या मशीनचा लाकडी स्टँड फुगून गेला. मशीनचं डोकं मात्र साफ करून, तेल घालून परत चालू झालं. २०१९ च्या दशलक्षण पर्वात, घराच्या भिंती अजून ओल्या असताना, मी त्यावर पहिला परकर शिवला तो सासूबाईंचा. दुसरा शेजारच्या आजींचा. आज वहीत चारशे बारा परकरांची नोंद आहे. नावं लिहिलेली नाहीत, फक्त मापं.

मंडळाची पुढची सभा रविवारी आहे. पाचशे टोप्यांचा ठराव अजून उभा आहे. मी चड्डीचा एक नमुना शिवून पिशवीत ठेवला आहे. सभेत तो सगळ्यांसमोर हातात धरून मी उभी राहणार आहे. ज्यांना फोटो काढायचा असेल त्यांनी काढावा.