कंसातली कावीळ

पावसाळा आला की मुंबई महापालिका साथीच्या आजारांचा तक्ता काढते. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो. त्याच रांगेत एक ओळ काविळीची. हेपेटायटिस, आणि पुढे कंसात ए, ई. आकडा मात्र एकच.

या दोन अक्षरांमधला स्वल्पविराम मिळवायला पाव शतक लागले. दिल्लीत १९५५-५६च्या हिवाळ्यात पिण्याच्या पाण्यात मैला शिरला आणि सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. ती नेहमीचीच, म्हणजे 'ए'ची साथ, असे धरले गेले. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८०च्या सुमारास तपासले तेव्हा कळले, हा 'ए' नव्हेच. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांनी पुढची काही दशके या दुसऱ्या विषाणूचा, म्हणजे 'ई'चा, माग काढण्यात घालवली.

१९८२, १९९२ आणि १९९८ या वर्षांतले रक्तनमुने त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ताडून पाहिले. 'ए' हा बालपणीचा पाहुणा. गरिबाच्या पोराला तो लवकर गाठतो, बहुधा घरात कळतही नाही, आणि मग जन्माची सुटका. 'ई' लहान मुलांना फारसा शिवत नाही, तरण्याताठ्यांना धरतो. आणखी एक गोष्ट दिसली. सुखवस्तू घरांतल्या मुलांना 'ए' होणे कमी होत चालले होते. अशी मुले मोठेपणी 'ए'च्या तावडीत सापडू शकतात, आणि मोठेपणीचा 'ए' जास्त छळतो.

आता हे लालबाग-परळला लावून पाहा. गिरणीच्या जागेवर टॉवर, पलीकडच्या गल्लीत चाळ. टॉवरमधला पंचविशीचा तरुण पिवळा पडला तर आधी 'ए'चा संशय घ्यावा, चाळीतला पडला तर 'ई'चा. पहिल्यासाठी लस बाजारात आहे. दुसऱ्याचा इलाज पाइपात आहे.

चाळीत पाणी आल्या आल्या कोणी पिण्याचा हंडा नळाखाली लावत नाही. पहिले पाणी मोरीत सोडतात. ते गढूळ असते, कधी वासही येतो. पाणी गेले की पाइप रिकामा पडतो, आणि तो गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच आलेला असतो. भेगेतून बाहेरचे आत यायला तेवढी सवड पुरते. वर कोणी मोटर लावली की ओढ आणखी वाढते. पहिली कळशी सोडली की गढूळपणा जातो. विषाणूला रंग नसतो.

अरणकल्ले यांच्या चमूने डुकरेही तपासली. युरोपात 'ई' डुकराच्या मांसातून माणसात येतो. पश्चिम भारतातल्या डुकरांतही 'ई' सापडला, पण तो चौथ्या जनुकीय प्रकाराचा. आपल्या माणसांतला पहिल्या प्रकाराचा. हा पहिला प्रकार माणसांतच फिरतो. एकाच्या मैल्यातून दुसऱ्याच्या पेल्यात. डास नाही, उंदीर नाही, वटवाघूळ नाही. खापर फोडायला प्राणीच उरत नाही.

म्हणून एखाद्या गल्लीत 'ई'चे चार रुग्ण निघाले तर ती पाइप कुठे फुटला आहे याची वर्दी असते. वर्दी वेळेवर पोचणेही गरजेचे, कारण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' झाला तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. 'ए'चा असा लौकिक नाही.

दोन्हींची रक्तचाचणी वेगवेगळी होते. अहवालही वेगळा मिळतो. म्हणजे प्रयोगशाळेच्या दारापर्यंत 'ए' आणि 'ई' वेगळेच असतात. एकत्र येतात ते तक्ता भरताना. लालबाग-परळच्या एफ दक्षिण विभागात या महिन्यात नुसते 'ई'चे रुग्ण किती, आणि कोणत्या गल्लीतले, हे जलखात्याने त्या एका आकड्यातून कसे ओळखायचे? की ओळखायचे नाहीच?

तक्त्यासोबत नागरिकांना सूचनाही असते. पाणी उकळून प्या. गॅस अर्थात ज्याचा त्याचा.