गंजाचा घसारा कोण भरून देणार?



कापूस-ज्वारीचा उत्पादनखर्च काढताना कृषिमूल्य आयोग अवजारांचा घसारा धरतो. तो कागदावर. गोठ्यामागे उघड्यावर पडलेल्या वखराची पास गंजली, की लोहाराचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. गंज भुसभुशीत असतो. त्यातून पाणी आत मुरते आणि खालचे लोखंडही खाल्ले जाते. खताचा क्षार चिकटलेला असेल तर तो हवेतली ओल धरून ठेवतो. मग पाऊस नसतानाही गंज वाढतो.

उपाय सोपा आहे. पाण्याला लोखंडाला शिवू द्यायचे नाही. तेल, ग्रीस किंवा मेण लावलेल्या लोखंडावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळते. रंगही आड येतो, पण ओरखडा पडला की गंज रंगाखालून सरकतो. पत्र्यावरच्या जस्ताची गोष्ट निराळी: ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते.

आमचे सांगणे एवढेच. वखरणी-डवरणी संपली की पास खरवडा, फडक्याने कोरडी करा, मगच तेलाचा हात फिरवा. ओल्यावर तेल लावाल तर ओल आतच कोंडेल. पेरणीयंत्राची खताची पेटी धुऊन वाळवा. तेल पुसले जाते, म्हणून दर हंगामाला पुन्हा लावा.

रास्त भाव आपण मागतच राहू. तोवर पावशेर तेलाने वाचणारे लोखंड गंजाला फुकट का घालायचे?