'बॉर्डर' बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका

मंडळी, पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला, की शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवस सुट्टी. कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर 'बॉर्डर' लागणार, एखाद्या सोसायटीत पडदा बांधून 'उरी' दाखवणार, सगळ्यांच्या डीपीवर तिरंगा येणार. माझी याला काही तक्रार नाही. 'बॉर्डर' मी किती वेळा पाहिला याचा हिशोब नाही, आणि पत्रांचं ते गाणं लागलं की आजही रिमोटला हात जात नाही.

पण तीन दिवस आहेत तर सिनेमेही तीन बघा, असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगतो. जरा लांबेल, पण वाचा.

पहिला 'बॉर्डर'च. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, लोंगेवालाचं ठाणं. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, हाताशी जेमतेम सव्वाशे माणसं आणि समोर रणगाडे. रात्रभर त्यांनी ठाणं सोडलं नाही. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि उघड्या वाळवंटात रणगाडे टिपले गेले. एवढं सगळं खरं. पण पडद्यावर आपले जवान एकामागून एक पडतात, प्रत्यक्ष त्या लढाईत आपले दोन जवान गेले. सुनील शेट्टीने केलेला भैरोसिंग सिनेमात शहीद होतो. खरे भैरोसिंग राठोड सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. म्हणजे १९९७ ला सिनेमा आला, देशभर लोक त्यांच्या मरणावर रडले, आणि त्यानंतर पंचवीस वर्षं हा माणूस जिवंत होता!

दिग्दर्शकाने असं का केलं असेल? मला वाटतं, शहीद जवानावर रडणं आपल्याला सोपं जातं. अडीच तासांत संपतं. जिवंत जवानाला पेन्शन लागते, दवाखाना लागतो, त्याच्या सातबाऱ्याचं काम तहसीलला अडकलेलं असतं. त्यावर गाणं होत नाही.

दुसरा सिनेमा 'हकीकत'. चेतन आनंद यांचा, १९६४ चा. आपण ज्या युद्धात हरलो, त्यावरचा. बलराज साहनी, धर्मेंद्र, मदनमोहनचं संगीत आणि लडाखची थंडी. आपण आधी गोळी चालवायची नाही असा हुकूम, कुमक वेळेवर नाही, समोरून माणसांचे लोंढे. प्रत्यक्षातही आपल्या बहुतेक पोरांच्या हातात जुन्या .३०३ रायफली होत्या आणि अंगावर त्या थंडीला पुरतील असे कपडे नव्हते. रेझांग ला इथे १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतान सिंग यांच्या १३ कुमाऊँच्या तुकडीतले शंभरावर जवान पडले. जे थोडे वाचले, त्यांनी सांगितलेलं सुरुवातीला कुणाला खरं वाटेना. बर्फ ओसरल्यावर जागच्या जागी गोठलेले देह सापडले, काहींच्या हातात अजून हत्यार होतं. तेव्हा विश्वास बसला.

याच युद्धात कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपण आजही छाती काढून सांगतो. पण हिमालयाला मदत का लागली, हा पुढचा प्रश्न आपण विचारत नाही. तो विचारायला सैन्याने चौकशी केली होती. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ ला तयार झाला. आजतागायत तो सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. काँग्रेसच्या सरकारने नाही, भाजपच्याही नाही. गंमत बघा, पराभवावरचा सिनेमा दोन वर्षांत आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अहवाल मात्र साठ वर्षांनंतरही कपाटात.

तिसरा, '१९७१'. अमृत सागर यांचा, २००७ चा, मनोज बाजपेयी आहे. फार चालला नाही. युद्ध संपून सहा वर्षं झाली तरी पाकिस्तानच्या कैदेत असलेल्या सहा भारतीय सैनिकांची गोष्ट. गोष्ट रचलेली असली तरी दुखणं खरं आहे. त्या युद्धानंतर पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपण परत पाठवले. आपले ५४ जण बेपत्ता असल्याचं आपल्याच सरकारने संसदेत सांगितलं. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. २००७ मध्ये बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघून आले, त्यात त्याही होत्या. हाती काही लागलं नाही. आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? शाळेत कधी ऐकलं?

आता कुणी म्हणेल, सणासुदीला हे रडगाणं कशाला? जोश येऊ दे की! येऊ दे. पण नुसत्या जोशाचं काय होतं ते आपण २०२५ च्या मे महिन्यात पाहिलं. त्या रात्री काही चॅनेलांनी कराची बंदर उडवलं, इस्लामाबाद घेतलं, आणि स्टुडिओत भोंगे वाजवले. शेवटी सरकारला सांगावं लागलं की बाबांनो, कार्यक्रमात सायरन वाजवू नका. खऱ्या सायरनला लोक गांभीर्याने घेणार नाहीत. त्याच वेळी सीमेवरची माणसं खरोखर घरं सोडून जात होती. युद्ध सिनेमासारखं बघायची सवय लागली की असं होतं.

आणि जो प्रश्न विचारेल त्याला लगेच 'सैन्याच्या विरोधात' ठरवायचं, हे आता थांबवा. पुरेसे कपडे का नव्हते, हे विचारणारा जवानाच्याच बाजूने बोलत असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत जा. पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचा स्तंभ आहे तिथे, आणि आजही घरटी माणूस फौजेत. त्या गावाला देशप्रेम शिकवायला जाऊ नका. तिथल्या आईला पोराच्या अंगावर चांगलं जॅकेट हवंय, आणि पोरगा सुट्टीवर यायला हवाय.

तेव्हा तीन दिवसांत तिन्ही बघा, पोरांना शेजारी बसवून बघा. सिनेमात काय खरं, काय रचलेलं, ते त्यांना सांगा. आणि सोमवारी ऑफिसं उघडली की आपल्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे ते शोधा. माजी सैनिकांची, वीरपत्नींची कामं तिथे असतात. आपल्या गल्लीत, गावात असं एखादं घर असेल तर त्यांचं काय अडलंय ते विचारा. डीपी बदलायला एक मिनिट लागतो, याला अर्धा दिवस लागेल. तेवढा काढा.