जुनाच मुखवटा कशाला हवा?

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातील जमिनींबरोबर घरांचाही तोंडवळा पालटू लागला. मांद्रे, मोरजी, हरमल इथल्या नव्या बंगल्यांत पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एखादा लाकडी मुखवटा हमखास भेटतो. लांबट चेहरा, चिरलेले डोळे आणि ‘आफ्रिकन’ हे बिरुद. भिंतीला तो शोभतो, यात वाद नाही. वाद आहे तो त्याच्याबरोबर विकल्या जाणाऱ्या कहाणीशी.

‘जुना आहे, जमातीच्या नाचात वापरलेला आहे,’ एवढे म्हटले की भाव चढतो. वास्तविक घानातील अबुरी किंवा कॅमेरूनमधील फुम्बान इथले कारागीर उघडपणे बाजारासाठी मुखवटे कोरतात. आफ्रिकन धर्तीचा माल इंडोनेशियातही तयार होतो. बूटपॉलिश, धूर आणि माती मिळाली की कोवळ्या लाकडालाही म्हातारपण येते. खरे-खोटे करायचे तर मुखवटा उलटा करावा. नाचलेल्या मुखवट्याची आतली बाजू कपाळ नि हनुवटी घासून गुळगुळीत झालेली, घामाने काळवंडलेली असते. कडेची भोके दोरीने झिजलेली असतात. आत छिन्नीचे वण ताजे दिसले आणि मागे टांगायची तार असली, तर स्वारी जन्मापासून भिंतीसाठीच आहे.

मग ती भिंतीसाठीच असू द्यावी. फसवणूक वाटते ती नव्याला जुने म्हटल्यामुळे. पण मुखवटा खरोखर जुना निघाला, तर मामला अधिक अवघड होतो.

गोव्याला मोझांबिक काही परके नाही. १७५२ पर्यंत तिथला पोर्तुगीज कारभार गोव्यातून चाले. तिथे नोकरी-धंदा करून परतलेल्या गोवेकरांच्या सामानातून काळ्या लाकडातली माकोंदे शिल्पे इकडच्या घरांत आली. याच माकोंदे लोकांचा ‘मापिको’ नाच आहे. त्याचा मुखवटा हलक्या लाकडाचा, शिरस्त्राणासारखा डोक्यावर चढवायचा. नाचणारा त्याच्या तोंडाच्या फटीतून बाहेर बघतो. गालांवरचे गोंदण मेणाने उठवलेले, डोक्याला खरे केस. मुलामुलींच्या दीक्षाविधींशी हा नाच जोडलेला, आणि आत गावातलाच कोण आहे हे बायकांना कळू न देण्याचा जुना दंडक.

पेडण्याच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. जत्रेच्या रात्री दशावतारात आधी गणपती येतो, मुखवटा घालून. नाटक कंपनीच्या पेटाऱ्याची पूजा होते, ती उगाच नाही. गोव्यातल्या पेरणी जागरातही रंगवलेले लाकडी मुखवटेच नाचतात. पेटाऱ्यातला तो गणपती कोणी सोफ्याच्या मागे टांगायला मागितला, तर गाव त्याला सरळ वाटेला लावील. मग मापिकोच्या बाबतीत ‘अस्सल विधीतला’ ही जाहिरात कशी होते?

जुन्याचा हा सोस कुठवर जातो, ते फ्रान्समध्ये दिसले. आजोबा आफ्रिकेत फ्रेंच वसाहतीचे अधिकारी होते, त्यांनी आणलेला गॅबॉनच्या फांग जमातीचा मुखवटा एका वृद्ध जोडप्याने २०२१ मध्ये जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्याला १५० युरोंना दिला. मार्च २०२२ मध्ये माँपेलिएच्या लिलावात तो ४२ लाख युरोंना गेला. जोडपे कोर्टात गेले, गॅबॉन सरकारनेही हक्क सांगितला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. ज्यांच्या विधीत तो वापरला गेला, त्यांच्या हाती काहीच आले नाही.

म्हणून नवा मुखवटा, नवा म्हणूनच घ्यावा. हाताने कोरलेल्या नव्या कामाला कमीपणा कसला? सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे कोणी शंभर वर्षांची असल्याचे सोंग आणून विकत नाही, तरी पिढ्यानपिढ्या खपतात. दुकानदाराने कारागिराचे गाव आणि लाकडाचे नाव चिठ्ठीवर लिहावे, इतकी मागणी गिऱ्हाइकाने जरूर करावी. लाकडाची चौकशी तर हवीच. बरेच मुखवटे हलक्या, मऊ लाकडाचे असतात आणि कोकणपट्टीचा पावसाळा त्यांना मानवत नाही: आधी बुरशी, मग घुण. मुखवट्याखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर दुकानदार त्यालाही पुरातनपणाची खूण म्हणेल. तो घरात आणला, तर शेजारच्या फर्निचरलाही ती खूण लागायला वेळ लागणार नाही.